कामे करून देणारा पुढारी नको



कोणत्याही गावात जा आणि पारावर बसलेल्यांना विचारा, 'तुमच्या गावात पुढारी कोण?' दोन नावे निघतील. पहिले नाव घेताना लोक आवाज खाली आणतात. गुत्तेदारी, वाळूचे ट्रॅक्टर, वरपर्यंत ओळख. त्याच्याविषयी आज मला काही लिहायचे नाही, त्याला तुम्ही पुरते ओळखून आहात. दुसरे नाव घेताना मात्र चेहरे खुलतात. 'भाऊ लय चांगला मानूस हाये. अर्ध्या रात्री हाक मारा, येते. साऱ्याइची कामं करून देते.'

माझे भांडण या दुसऱ्या माणसाशी आहे.

भाऊ बहुतेक वेळा प्रामाणिक असतो. तहसीलला जाताना स्वतःच्या गाडीत पेट्रोल घालतो, तुमच्या पैशाने चहासुद्धा पीत नाही. तरीही मी म्हणतो की कोरडवाहू गावाला लबाड पुढाऱ्याइतकाच हा भला पुढारी महागात पडतो. लबाडाने काय नेले ते निदान मोजता येते. भाऊने काय नेले ते कळायला एखादा हंगाम बुडावा लागतो.

ओटीपी कोणाच्या मोबाइलवर गेला?

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० आणि मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर केला. या भावात खर्च निघतो का, हा वाद आपण दर बैठकीत घालतो. ऑगस्ट २०२५ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, परदेशी रुईवरचे ११ टक्के आयात शुल्क उठवून आणि पुढे ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत लांबवून सरकारने त्या वादात आपली बाजू कोणती तेही सांगून टाकले. तो लढा चालूच आहे. आजचा प्रश्न त्याहून लहान आहे. जो भाव कागदावर आहे, तो तरी तुमच्या हातात का पडत नाही?

त्या भावापर्यंतची वाट बघा. पेऱ्याची नोंद ई-पीक पाहणीत हवी. सात-बारा हवा. बँकेच्या खात्याला आधार जोडलेले हवे. २०२५ च्या हंगामात सीसीआयला कापूस द्यायचा तर 'कपास किसान' नावाच्या मोबाइलवरच्या ॲपमध्ये आधी नाव नोंदवणे आले, मग माल आणायचा दिवस घेणे आले. या असल्या कामांत जागोजागी मोबाइलवर एक आकडा येतो, ओटीपी. आता खरे सांगा. तुमच्या घरच्या नोंदणीचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर गेला?

भाऊच्या. भाऊच्या पिशवीत चाळीस घरांचे सात-बारे असतात, आधारच्या झेरॉक्स असतात, काही घरांची पासबुकेसुद्धा असतात. तो ती विकत नाही, मान्य. पण खुल्या बाजारातला भाव हमीभावाच्या खाली गेला की गावोगाव काय चालते, ते कापूस पट्ट्यात कोणाला सांगायला नको. व्यापारी खेड्यात पडत्या भावाने कापूस घेतो आणि शेतकऱ्याच्या सात-बाऱ्यावर केंद्रावर घालतो. एकरी किती क्विंटल घ्यायचे याची मर्यादा ठरलेली असते. महिन्याने तुम्ही स्वतःची गाडी घेऊन जाता आणि खिडकीवरचा माणूस सांगतो, 'तुमच्या सात-बाऱ्यावरचा माल येऊन गेला.' भाऊ देवाची शपथ घेऊन सांगतो की मला ठाऊक नव्हते, पिशवी दोन दिवस अमक्याच्या दुकानात राहिली होती. माझा त्याच्या शपथेवर विश्वास आहे. त्याने तुमचे नुकसान भलेपणानेच केले.

हेच काम चांगला पुढारी कसे करील? शाळेच्या ओसरीत दोन-तीन संध्याकाळी लोकांना बसवील. घरटी एक मोबाइल आणि एक शिकणारे पोर. बारावीतली मुलगी हे यंत्र भाऊपेक्षा चांगले चालवते, फक्त तिला कोणी विचारत नाही. ज्याची नोंद त्याच्याच मोबाइलवर, ज्याचा कागद त्याच्याच पेटीत. ज्या म्हाताऱ्या एकट्या बाईला हे जमणार नाही, तिचे काम तिच्या समोर, दोन माणसे साक्षीला ठेवून. याला चार दिवस लागतील. भाऊ एकटा दोन दिवसांत उरकून देतो. लोक कुरकुरतील, 'याच्यापरीस भाऊ बरा.' ही कुरकुर सोसण्याची तयारी ज्याची नाही त्याने पुढारीपणात पडू नये.

काट्याजवळची बाई

पुढारी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढरे कपडे येतात. मला रोजच्या कामातला पुढारी दाखवायला सांगाल तर मी वेचणीची टोळी घेऊन येणारी बाई दाखवीन. तिला कोणी पुढारी म्हणत नाही. तिला मत मागायला कोणी येत नाही. पण बारा-पंधरा बायांची मजुरी, त्यांची आपसातली भांडणे आणि शेतमालकाच्या वर्षभराच्या मालाची प्रत हे तिन्ही तिच्या हातात असते.

दवाचीच गोष्ट घ्या. सीसीआयच्या केंद्रावर आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो. त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत टक्क्यामागे भाव कापला जातो, म्हणजे लांब धाग्याला क्विंटलमागे साधारण ऐंशी रुपये. बारा टक्क्यांच्या वर माल परत. आणि वेचणीची मजुरी असते किलोवर. सकाळी दवात वेचलेला कापूस वजनाला भरतो. त्यात मजुराचा फायदा आणि मालकाचा तोटा. मालक म्हणतो, 'बाया मुद्दाम ओला वेचतात.' बाया म्हणतात, 'सकाळचा थंड वेळ सोडून उन्हात वेचायचे, तर पोटाला काय?' दोघेही खरे बोलत असतात.

कामे करून देणारा पुढारी इथे कोणाला तरी दटावून मोकळा होईल. चांगली टोळीवाली तसे करत नाही. ती आदल्या संध्याकाळी मालकाला गाठते आणि सांगते, 'दव उतरल्यावर हात लावू, पण किलोमागे वाढवून द्यावे लागेल, आणि कवडी वेगळी वेचायची असेल तर तिचे वेगळे.' मग हाच हिशोब ती बायांसमोर मांडते, कानात सांगत नाही. संध्याकाळी काट्याजवळ उभी राहून प्रत्येकीचे वजन मोठ्याने बोलते, म्हणजे जिचे तिला ऐकू येते आणि बाकीच्यांनाही. स्वतःचे गाठोडे शेवटी लावते. धुऱ्याकडची, बोंडे कमी असलेली तास स्वतःकडे घेते. आठ दिवसांनी ती आजारी पडली तर काट्यावर दुसरी उभी राहते, कारण हिशोब सगळ्यांनी ऐकलेला असतो.

आमच्या जिल्हा बैठकीत अशा किती बाया बोलल्या, ते इतिवृत्तात शोधा. सापडणार नाहीत. ठरावांवर टाळ्या वाजवायला तेवढ्या बोलावतो आपण.

बोंडअळीचे काम कोणी करून देत नाही

काही कामे अशी असतात की भाऊने जीव टाकला तरी ती करून देता येत नाहीत. बोंडअळी हे त्यातले पहिले. बीटी कापूस आपल्याकडे २००२ साली आला, दोन जनुकांचा २००६ साली. पुढच्या दहा-अकरा वर्षांत गुलाबी बोंडअळी त्याला दाद देईनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने उभी पिके खाल्ली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी-मजूर मेले. फवारणीच्या वेळी वारा कोणीकडचा आहे, पंपावरच्या पोराच्या अंगात पूर्ण बाह्यांचा कपडा आहे का, कोणती दोन औषधे एकत्र कालवली जात आहेत, हे बघून 'आज पंप ठेवा खाली' असे म्हणणारा माणूस त्या सगळ्या गावांत असता तर? मोर्चाला पुढे चालणारे तेव्हाही पुष्कळ होते.

ही अळी हंगाम संपल्यावर मरत नाही. शेवटच्या कवड्या बोंडांत, सरकीत, धुऱ्यावर आणि घरामागे रचलेल्या पऱ्हाटीत ती झोपून राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन उडते. पतंगाला धुरा कळत नाही. म्हणून डिसेंबरअखेर पीक मोडा, फरदड घेऊ नका, एकरी दोन कामगंध सापळे लावा, सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग पडले की उपाय करा, हे सगळे सांगून झाले आहे. कृषी खात्याची पत्रके आहेत, पोस्टर आहेत. मग होत का नाही? कारण पाच जणांनी फरदड ठेवली की पंचाण्णव जणांची मेहनत पाण्यात, आणि त्या पाच जणांत बहुतेक ठिकाणी विहिरीला पाणी असलेला, म्हणजे गावातला वजनदार माणूस असतो. त्याला पाणी दिल्यावर आणखी दोन-चार क्विंटल दिसत असतात. त्याला कोण बोलणार? भाऊ तर नाहीच, कारण भाऊला कोणी दुखावलेले चालत नाही.

इथे पुढारी कसा ओळखायचा ते सांगतो. सगळ्यांत आधी त्याच्या स्वतःच्या शेतातली पऱ्हाटी निघालेली असते. मग तो वजनदार माणसाच्या दारात एकटा जात नाही, दहा शेजारी घेऊन जातो, आणि सापळ्यांचे आकडे घेऊन जातो. हे आकडे रोज पारावरच्या फळ्यावर खडूने लिहिलेले असतात. ते लिहायचे काम शाळेतल्या पोरांकडे असते, त्याच्याकडे नाही. आणि पऱ्हाटी हे गरिबाच्या घरचे सरपण आहे, हे त्याला माहीत असते. 'जाळून टाका' म्हणणे सोपे आहे. चूल पेटवणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय तो तसे म्हणत नाही. किडकी बोंडे आधी झोडून वेगळी करू, ती जाळू, काड्या ठेवू, असा तोडगा बायांना विचारल्यावरच सुचतो. मी कृषी पदवी घेतलेला माणूस आहे. कॉलेजच्या कोणत्याही पुस्तकात मला हे सरपण भेटले नव्हते.

पुस्तकात काय होते तेही सांगतो. विस्तार शिक्षण नावाच्या विषयात आम्हाला शिकवीत, की गावातला ज्याचे ऐकले जाते तो माणूस शोधा, त्याच्या शेतात प्रात्यक्षिक घ्या, बाकीचे आपोआप मागे येतील. त्यातून निघाला 'प्रगतिशील शेतकरी'. अनुदानाचा ट्रॅक्टर त्याला, अभ्यासदौरा त्याला, फोटो त्याचा. बाकीचे मागे आले नाहीत. येणार कसे? त्यांच्याकडे ना विहीर, ना दौरा. एक माणूस पुढे काढला की गाव पुढे जाते, ही समजूत सरकारी खात्याची आहे. ती आपण चळवळीत का आणली, कळत नाही.

ज्वारीचे तर त्याहून स्पष्ट आहे. 'आता ज्वारी परवडत नाही, पाखरे ठेवत नाहीत' हे सगळे म्हणतात. खरे आहे. पण पाखरे का ठेवत नाहीत? सगळे शिवार सोयाबीन आणि कपाशीचे, आणि मधे तुमचा एकट्याचा दीड एकर. साऱ्या शिवाराची पाखरे आणि रानडुकरे तुमच्याच पाहुणचाराला. खरिपात मागाहून पेरली तर खोडमाशी वेगळी, आणि पुढेमागे फुलोऱ्यात आली तर मिजमाशीला एका शेतातून दुसऱ्यात जायला वाट. ज्वारी एकट्याने पेरायचे पीकच नाही. दहा-बारा जणांनी लागून, एकाच आठवड्यात पेरली तर राखण वाटून घेता येते, नुकसानही वाटले जाते, कडबा घरात येतो. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीला ३,६९९ आणि मालदांडीला ३,७४९ रुपये हमीभाव आहे. बाजारात तो मिळवायचा तरी चार-सहा क्विंटलवाल्या एकट्याची डाळ शिजत नाही, दहा जणांचा ट्रक लागतो. अक्षय तृतीयेच्या सुमारास पारावर बसून 'कोण कोण ज्वारी पेरतो, कोणत्या पट्ट्यात' एवढे विचारून वहीत लिहिणारा माणूस पाहिजे. त्याला भाषण येण्याची गरज नाही. अक्षर बरे असावे.

'असा देवमाणूस आणायचा कुठून?'

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. हिवरे बाजारचे नाव काढले की लोक म्हणतात, तिथे पोपटराव पवार होते, आमच्याकडे नाहीत. पण तिथे झाले काय ते बघा. चारशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचे, १९७२ च्या दुष्काळानंतर उजाड झालेले गाव. एक शिकलेला तरुण सरपंच झाला, हे खरे. पाणलोटाची कामे झाली, कुऱ्हाडबंदी झाली, चराईबंदी झाली. ती पुष्कळ गावांत झाली आणि पुष्कळ गावांत वाहूनही गेली. हिवरे बाजारात टिकली, कारण तिथे दरवर्षी पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत सगळ्यांपुढे वाचतात. पाणी किती आणि त्यात कोणती पिके बसतात, ते तिथे ठरते. शेतीसाठी बोअर नाही, हा नियम सरपंचाच्या दराऱ्यावर चालत नाही. आकडा सगळ्यांना माहीत आहे म्हणून चालतो. पवारांना २०२० साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी त्यांचा फोटो छापला. ताळेबंदाचा कागद छापला असता तर तुमच्या-माझ्या जास्त कामाचा होता.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड गावाचे तसेच. देवाजी तोफा यांचे नाव आपण ऐकतो, पण ते गाव निर्णय घेते ते सर्वसहमतीने, ग्रामसभेत. २००९ साली त्यांना जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याकडून ग्रामसभेच्या हातात आले. ग्रामसभेच्या हातात, कोणा एका पुढाऱ्याच्या खिशात नाही.

कोणी म्हणेल, हे एकजिनसी लहान गाव, आमच्याकडे चार जाती, सहा पक्ष. म्हणूनच तर वही पारावर हवी. एकमेकांवर विश्वास असलेल्या गावाला वही नसली तरी चालते. भांडणाऱ्या गावाचे वहीशिवाय चालत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. जिल्ह्याच्या बैठकीला गावोगावहून तेच तेच चेहरे येतात. पत्रके घेऊन जातात, आणि ती पुष्कळ ठिकाणी पिशवीतच राहतात. 'जिल्ह्याला काय ठरले?' असे विचारायला लोक त्याच्या घरी येतात, त्यात त्याला बरे वाटते. माहिती दाबून ठेवणारा कार्यकर्ता आणि सात-बारे गोळा करणारा भाऊ यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. पीक विम्याचे उदाहरण ताजे आहे. २०२३ मध्ये राज्यात एक रुपयात विमा आला आणि २०२५ च्या खरिपात तो गेला. त्याबरोबर शेतातल्या नुकसानीची एकेकट्याने तक्रार देऊन भरपाई मागायची सोयही त्या खरिपात गेली, सगळे येऊन पडले पीक कापणी प्रयोगावर. म्हणजे मंडळातल्या मोजक्या शेतांत काय उतारा आला, त्यावर साऱ्या मंडळाची भरपाई. कोणती शेते निवडली, कापणी कधी, कपाशीच्या प्रत्येक वेचणीचे वजन कोणी लिहिले, तिथे गावातले कोण उभे होते? हे बदलले तेव्हा ते जिल्ह्याच्या बैठकीत सांगितले होते. गावात विचारा, किती जणांना ठाऊक आहे. बहुतेक अजून मोबाइलवर शेताचे फोटो काढून ठेवतात आणि भाऊला पाठवतात.

म्हणून येत्या बैठकीपुढे मी तीन सूचना ठेवणार आहे, त्यावर आधीच भांडून घ्या. एक, गावाहून दोघे यावेत, त्यातली एक बाई असावी, आणि लागोपाठ दोन बैठकींना तीच जोडी नको. गेल्या वेळचा माणूस आला तर त्याने मागे बसावे. दोन, गावशाखेची वही पारावर, शाळेत किंवा देवळात, जिथे कोणालाही उघडता येईल तिथे राहावी. तिच्यात सापळ्यांचे आकडे, ज्वारीच्या पट्ट्यांची यादी, कापणी प्रयोगाची शेते आणि जमाखर्च असावा. पुढाऱ्याच्या घरातल्या कपाटात सापडली तर ती शाखा बंद समजावी. हे कडक वाटेल, पण मी ते मतदानाला टाकणार आहे. तीन, ज्याच्याकडे दुसऱ्या कोणाचा सात-बारा, पासबुक किंवा मोबाइलची चिप असेल त्याने ती बैठकीच्या आधी ज्याची त्याला परत करावी. कोणी काय परत केले ते विचारले जाणार नाही.

बैठक सकाळी अकराला सुरू होईल. वही घेऊन या. चहाची सोय आहे, भाकरी ज्याची त्याने बांधून आणावी. गाडी भाऊची नको, एसटीने या, तिकिटाचे पैसे वहीत लिहा.